तुम्ही विचारलंत म्हणून: हो, ते मत माझंच होतं

मंडळाच्या गणपतीत प्रसादाची प्लेट हातात घेऊन दरवर्षी कोणीतरी विचारतंच, "काय हो, एवढी वर्षं त्या तुमच्या फायर स्टेशनसाठी भांडलात आणि शेवटी तुम्हीच मत देऊन ते मोठ्या फायर डिस्ट्रिक्टच्या घशात घातलंत म्हणे?" मी हसतो, मोदक छान झालेत म्हणतो आणि सटकतो. पण यावर्षी ताईनेही सांगलीहून फोनवर तेच विचारलं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो, पुढच्या वेळी लिंक पाठवेन.

मी फायर स्टेशनचा व्हॉलंटियर कसा झालो, बे एरियातलं घर विकून या डोंगरात का आलो, बायको काय म्हणाली, हे सगळं तुम्ही ऐकलंय. आमच्या फायर डिस्ट्रिक्टच्या (टॅक्सवर चालणारी, स्टेशन सांभाळणारी स्थानिक संस्था) बोर्डावर कसा गेलो हेही माहितीये, पाच जागांना चारच फॉर्म आले होते आणि पाचवा मी मीटिंगमध्ये समोसे घेऊन बसलो होतो.

पैशांचं मात्र कोणाला नीट कळत नाही, "अमेरिकेत फायर ब्रिगेडला पैसे नाहीत?" असं तोंड करून बघतात. नाहीत. कॅलिफोर्नियात 1978 ला प्रपोझिशन 13 आलं (लोकांनी मतदानाने आणलेला कायदा), घराचा टॅक्स किमतीच्या एक टक्क्यावर बांधला, आणि घर विकलं जात नाही तोवर ती किंमत वर्षाला जास्तीत जास्त दोन टक्के वाढवायची. बरं, त्या एक टक्क्यात शाळा, काउंटी, फायर, सगळे वाटेकरी, आणि कोणाला किती हे साधारण त्या वेळी जो जितकं घेत होता त्यावर ठरलं. आमच्याकडे तेव्हा सगळे फुकट काम करणारे, एक जुनी गाडी, एक पत्र्याची शेड, म्हणजे घेत होतोच किती? ते प्रमाण आजपर्यंत चिकटलंय. काटकसर केली त्याची शिक्षा. ईस्ट काँट्रा कोस्टा नावाच्या फायर डिस्ट्रिक्टचं हेच झालं, शेतजमिनीच्या काळातला वाटा आणि वर शहरं उभी राहिली, आठ स्टेशनांची तीन झाली आणि 2022 च्या जुलैत ते काँट्रा कोस्टाच्या मोठ्या डिस्ट्रिक्टमध्ये गेले.

मग जास्तीचा पार्सल टॅक्स (प्रत्येक जमिनीच्या तुकड्यावरचा वेगळा कर) मागायचा, तर त्याला दोन तृतीयांश मतं लागतात. आम्ही दोनदा मागितला. दुसऱ्या वेळी शंभरातल्या साठहून जास्त लोकांनी हो म्हटलं आणि आम्ही हरलो. हे मी भावाला सांगितलं तर तो म्हणाला तू आकडे उलटे सांगतोयस. सोनोमा काउंटीत 2017 च्या टब्ज आगीत 22 माणसं गेली, तरी 2020 मध्ये तिथला फायरसाठीचा सेल्स टॅक्स दोन तृतीयांशाला थोडक्यात हुकला. 2024 मध्ये लोकांनीच सह्या गोळा करून तो आणला, तेव्हा साधं बहुमत पुरलं आणि झाला पास. आम्हाला का नाही सुचलं असं विचारू नका, सह्या गोळा करायला माणसं लागतात आणि आमच्याकडे माणसंच नव्हती.

तोवर पैसे जमवायला पॅनकेक ब्रेकफास्ट करा, चिलीची स्पर्धा भरवा, लकी ड्रॉमध्ये चेनसॉ ठेवा. आगीत घालायचे कोट-पँट दहा वर्षांनी बाद, पाठीवरच्या हवेच्या सिलिंडरचं आयुष्य पंधरा वर्षं, आणि ही वर्षं तुमच्या बँक बॅलन्सकडे बघून थांबत नाहीत. पॅनकेकवर सिलिंडर येत नाहीत हे कळायला मला सहा वर्षं लागली.

2018 ला मी स्वतः एक पत्रक लिहिलं होतं, "आपलं स्टेशन, आपली माणसं, आपला निर्णय". लोकांना फार आवडलं, पोस्ट ऑफिसच्या काचेवर वर्षभर होतं. आता वाचलं की त्या माणसाला विचारावंसं वाटतं, आपली माणसं म्हणजे नक्की किती रे? यादीत 19 होती. त्यातले चार साठीच्या पुढचे, दोघं गाव सोडून गेलेले, आणि बाकीचे दिवसा तासभर लांब नोकरीला. देशभर हेच आहे म्हणा, 1984 ला अमेरिकेत जवळपास नऊ लाख व्हॉलंटियर फायरफायटर होते, 2020 ला पावणेसात लाखांच्या आसपास. पण पत्रकात मी "19 शूर शेजारी" लिहिलं होतं. खोटं नव्हतं ते. खरंही नव्हतं.

आता ती दुपार. एक मंगळवार, दोन वाजून दहा मिनिटं, मी घरून काम करतो म्हणून कॉलवर होतो, पेजर वाजला. पुरुष, 71, श्वास बंद. स्टेशनला पोचलो तर मी एकटा. पाच मिनिटं दाराकडे बघत थांबलो, कोणी येईना. इंजिन समोर उभं, टाकी भरलेली, चावी जागेवर, पण माझ्या लायसन्सवर ते चालवायचा शेरा नव्हता, पुढच्या महिन्यात परीक्षा होती. मेडिकल बॅग आणि एईडी (हृदयाला शॉक देणारं मशीन) उचललं आणि माझ्या पिकअपमधून निघालो. ती पाच मिनिटं मी अजून मोजतो. थांबायला नको होतं.

घर ओळखीचं. काका हॉलमध्ये कार्पेटवर, टीव्हीवर कसलासा लिलाव चालू. काकू (मी त्यांना इंग्रजीत नावानेच हाक मारतो, पण मनात त्या काकूच आहेत) फोन कानाला लावून त्यांची छाती दाबत होत्या, चुकीच्या जागी. मी सुरू केलं. मशीन म्हणालं शॉक देऊ नका, सीपीआर (छाती दाबणं आणि हवा देणं) चालू ठेवा. तीस वेळा दाबायचं, दोनदा हवा द्यायची. हवेची पिशवी काकूंच्या हातात दिली, मी म्हणेन तेव्हा दाबा म्हटलं. आणि मी मराठीत मोजत होतो. ट्रेनिंगमध्ये कायम इंग्रजीत मोजलेलं, पण तेव्हा तोंडातून एक-दोन-तीन असंच आलं, आणि सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस म्हणताना लय चुकायला लागली, फार लांब आहेत हो हे शब्द, म्हणून विसानंतर नुसतं सात-आठ-नऊ म्हणत गेलो. काकूंना भाषा कळत नव्हती पण "तीस" कळायला लागलं. तीस म्हटलं की त्या पिशवी दाबायच्या. दोन मिनिटांनी माणूस बदलायचा असतो. कोणाशी बदलणार?

पगारी क्रू शेजारच्या डिस्ट्रिक्टमधून आला तेव्हा पेजर वाजून 26 मिनिटं झाली होती. चार जण. दोघांनी मला खांद्याला धरून बाजूला केलं. माझे हात वळत नव्हते. काका गेले. कदाचित आधीच गेले होते, डॉक्टर पुढे तसंच म्हणाले, मला बरं वाटावं म्हणून की खरं म्हणून, माहीत नाही.

त्यानंतर मी आकडे वेगळ्या नजरेने बघायला लागलो. कागदावर आमचं स्टेशन चार मैलांवर. पण बंद शटरचं अंतर कसं मोजायचं?

पुढच्या वर्षी मोठ्या डिस्ट्रिक्टमध्ये विलीनीकरणाचा ठराव आमच्या बोर्डापुढे आला. सुनावणी स्टेशनमध्येच होती, इंजिनं बाहेर काढून खुर्च्या मांडलेल्या. आणि काकू उठल्या. ठरावाच्या विरोधात. म्हणाल्या, माझ्या घरी त्या दिवशी पहिल्यांदा आला तो मोठ्या डिस्ट्रिक्टचा नव्हता, ह्या स्टेशनचा होता, तो बघा तिथे बसलाय. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी. दोन हो, दोन नाही झालं होतं, शेवटचं मत माझं. मी हो म्हटलं. खुर्च्या सरकल्याचा आवाज आला, बाकी काही नाही.

पार्किंगमध्ये त्यांनी गाठलं. मी म्हटलं, त्या दिवशी फक्त एकच माणूस आला होता. त्या म्हणाल्या, एक तरी आला होता.

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाहीये.

नंतर प्रकरण काउंटीच्या लॅफ्कोपुढे (अशा संस्थांच्या हद्दी आणि विलीनीकरणं ठरवणारा आयोग) गेलं, 25 टक्के मतदारांनी लेखी विरोध केला असता तर निवडणूक घ्यावी लागली असती, तेवढी पत्रं आली नाहीत. मला सुटल्यासारखं वाटलं आणि त्याची लाजही वाटली. आता स्टेशनवर चोवीस तास दोन पगारी माणसं असतात, पाटी बदललीय, मोठ्या बोर्डावर आमच्या भागातलं कोणीच नाही. जुने व्हॉलंटियर सेफवे सुपरमार्केटमध्ये दिसले की दुसऱ्या रांगेत जातात. दोघं जातात, बाकीचे बोलतात, उगाच रडगाणं नको.

पण ताईचं ऐका. ती झेडपीच्या शाळेत शिकवते, वीसच्या आतला पट. ती म्हणाली, "आमच्याकडे छोट्या शाळा एकत्र करणारे समूह शाळेवाले अगदी हेच बोलतात, मुलांना जास्त शिक्षक मिळतील, सोयी मिळतील. आणि वाडीवरची पोरं ओढा ओलांडून कशी जाणार हे कोणी सांगत नाही. तू आता त्यांच्यातलाच." मी भडकलो, म्हटलं शाळा आणि हार्ट अटॅक एक नाही. अर्धा तास भांडलो. फोन ठेवल्यावर वाटलं, ओढा आमच्याकडेही आहेच, कारण करारात स्टेशन चालू ठेवायची हमी तीन वर्षांची आहे, पुढचं "उपलब्ध निधीनुसार". ते वाक्य मी सही करताना वाचलं होतं. दोनदा वाचलं होतं.

परवा ताईने परत विचारलं, तीन वर्षांनंतर काय रे? मी म्हटलं, तुझ्या व्हिसाचं काय झालं ते सांग आधी.