लाल थेंब

गाडीखाली डाग दिसला की माणूस आधी चार दिवस त्याच्याकडे काणाडोळा करतो. एसीचं पाणी असेल, म्हणतो. मीही तेच म्हटलं. मग एका सकाळी बोट लावून पाहिलं, तर तेलकट आणि लालसर. एसीचं पाणी लाल नसतं, एवढं मलाही कळतं.

त्याच सुमारास गाडी कण्हायला लागली होती. सरळ जाताना गप्प. पण गाडी लावताना स्टेअरिंग पूर्ण वळवलं की बॉनेटखालून किरटा आवाज. तो पॉवर स्टेअरिंगच्या, म्हणजे तेलाच्या दाबाने स्टेअरिंग हलकं करणाऱ्या पंपाचा. तेव्हा दोषी पंपच, असा निकाल देऊन मी नव्या पंपाची चौकशीसुद्धा करून ठेवली.

मेकॅनिकने पंपाकडे बघितलंही नाही. आधी पंपाला तेल पुरवणाऱ्या डब्याचं झाकण उघडलं. झाकणाच्या पट्टीवर थंड आणि गरम तेलासाठी दोन खुणा असतात. आमचं तेल दोन्हींच्या खाली. "पंप उपाशी आहे, म्हणून ओरडतोय," तो म्हणाला. तेल कमी पडलं की पंप हवा ओढतो. थोडक्यात, चोर सोडून मी संन्याशाला फाशी द्यायला निघालो होतो.

चोर सापडणं सोपं नव्हतं. थेंब पडतो तिथेच गळती असते असं नाही. तेल पाइपावरून ओघळतं, वाऱ्याने मागे सरकतं आणि भलत्याच बोल्टच्या टोकावरून टपकतं. म्हणून त्याने सगळं पुसून कोरडं केलं, खाली पुठ्ठा अंथरला, इंजिन चालू केलं आणि मला स्टेअरिंग फिरवायला बसवलं. "टोकाला धरून ठेवू नका," अशी तंबीही दिली. तिथे दाब सगळ्यात जास्त. स्वतः टॉर्च घेऊन खाली. पंपाचं सील कोरडं. जास्त दाबाच्या पाइपाचे जोड कोरडे. रॅकच्या, म्हणजे पुढची चाकं वळवणाऱ्या आडव्या दांड्याच्या, दोन्ही टोकांचे रबरी बूट त्याने दाबून पाहिले. आत तेल लागलं असतं तर रॅकचं सील गेलेलं, म्हणजे मोठं काम. तेवढ्या वेळात मी देवाचं नाव घेतलं.

निघाला तो तेल डब्यात परत नेणारा साधा रबरी पाइप. क्लॅम्पजवळ कडक होऊन भेगाळलेला, वीतभर लांबीचा. गळती थांबवणाऱ्या औषधाची बाटली मी आणून ठेवली होती, ती त्याने बाजूला सारली. ते औषध सील फुगवतं, फाटका पाइप शिवत नाही.

पाइप बदलून तेल भरल्यावर हवा काढायची. पुढची चाकं उचलून, इंजिन बंद ठेवून, स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत पंधरा-वीस वेळा. डब्यात बुडबुडे येत राहिले, मी फिरवत राहिलो. चाकं अधांतरी होती म्हणून निभावलं. 1951 मध्ये क्रायस्लर इम्पीरियलमध्ये हे तेलाच्या दाबाचं स्टेअरिंग विक्रीला आलं. त्याआधी लोक जड गाड्या नुसत्या मनगटाच्या जोरावर वळवत होते.

आवाज गेला. पुठ्ठा मात्र मी तिथेच ठेवला. तिसऱ्या दिवशी त्यावर पुन्हा डाग. धावत जाऊन बोट लावलं.

पाणी. एसीचं.