झांझिबार : खाडीपलीकडचे गाणे

टांझानियाच्या मुख्य भूमीवरच्या दार-ए-सलामहून सुटलेली बोट सुमारे दोन तासांत झांझिबारच्या धक्क्याला लागते. पाण्यावरून पाहताना किनाऱ्यावरच्या पांढऱ्या इमारतींच्या रांगेत एक इमारत सर्वांहून उंच दिसते. सुलतान बर्घश याने १८८३ मध्ये बांधलेल्या या वाड्यात विजेचे दिवे आणि लिफ्ट आल्यावर लोक त्याला ‘आश्चर्यांचा महाल’ म्हणू लागले. दुरुस्ती चालू असतानाच २५ डिसेंबर २०२० रोजी त्याचा मोठा भाग कोसळला आणि दोन माणसे दगावली. मी गेले तेव्हा तो पत्र्यांच्या कुंपणाआड होता. मुंबईकर म्हणून मला या बर्घशबद्दल आधीपासून कुतूहल होते, कारण सावत्र भावाविरुद्ध उठाव केल्यामुळे १८५९ मध्ये ब्रिटिशांनी त्याला हद्दपार करून दोन वर्षे ठेवले होते ते मुंबईतच.

वाड्यामागच्या गल्ल्या म्हणजे स्टोन टाउन, म्हणजेच २००० साली जागतिक वारसा यादीत गेलेले दगडी शहर. इथल्या कोरीव दरवाजांपैकी कमानीचे आणि पितळी टोकांचे दरवाजे भारतीय वळणाचे आहेत. ही टोके हत्तींना थोपवण्यासाठी असल्याचे वाटाडे हमखास सांगतात. या बेटावर हत्ती नाहीत, हे सांगण्याच्या फंदात कोणी पडत नाही. सुलतानाची सत्ता उलथवणाऱ्या १९६४ च्या क्रांतीनंतर अनेक अरब आणि भारतीय कुटुंबे इथून निघून गेली, आणि आता त्यांच्या घरांपैकी कितीतरी घरांची हॉटेले झाली आहेत. तळमजल्यावरच्या दुकानांत मुख्य भूमीवरची भडक रंगांची टिंगाटिंगा शैलीतली चित्रे टांगलेली असतात आणि पुळणीवर मुख्य भूमीवरूनच आलेले मसाई तरुण लाल शाली पांघरून पर्यटकांबरोबर छायाचित्रे काढून घेतात. यात फसवणूक आहे असे मी म्हणणार नाही, कारण ते खरोखरच मसाई असतात. पण त्यांचे गुराख्यांचे जीवन ज्या माळरानांवर घडले, ती इथून शेकडो किलोमीटर दूर आहेत.

दाराजानीचा बाजार ओलांडून मी पलीकडे गेले, तेव्हा कुठे मला हे शहर कळू लागले. आज जिथून रस्ता जातो तिथे पूर्वी खाडी होती, आणि तिच्या पलीकडच्या वस्तीला ‘न्गाम्बो’, म्हणजे पैलतीर, असे नाव पडले. दगडी घरे अरबांची, भारतीय व्यापाऱ्यांची आणि युरोपियनांची, तर न्गाम्बोतली मातीची घरे आफ्रिकी कष्टकऱ्यांची आणि गुलामगिरीतून सुटलेल्यांची, अशी वसाहतकाळातली विभागणी होती. क्रांतीनंतर इथे पूर्व जर्मनीच्या मदतीने मिचेंझानीच्या लांबलचक चाळवजा इमारती उभ्या राहिल्या. जागतिक वारशाचे क्षेत्र मात्र खाडीच्या अलीकडेच थांबते, आणि माझ्या मते हीच त्या यादीची सर्वांत मोठी उणीव आहे. कारण झांझिबारी म्हणून आज जे मिरवले जाते, त्यातले बरेचसे या पैलतीराने घडवले.

तारब संगीताचे उदाहरण घ्या. हे संगीत आधी दरबारी होते. बर्घशने इजिप्तहून वादक आणवले, आपल्याकडचा माणूस शिकायला कैरोला पाठवला, आणि गाणी अर्थातच अरबीत असत. ते सामान्यांच्या भाषेत आणले सिती बिंती साद हिने. फुंबा गावात १८८० च्या सुमारास गरीब घरात जन्मलेली आणि मातीची भांडी विकून पोट भरणारी ही बाई शहरात आली, गाणे शिकली आणि किस्वाहिली या इथल्या लोकभाषेत गाऊ लागली. स्त्रियांवरचे अत्याचार आणि श्रीमंत-गरिबांना मिळणारा वेगवेगळा न्याय हे तिच्या गाण्यांचे विषय होते. १९२८ मध्ये हिज मास्टर्स व्हॉइस कंपनीने तिला साथीदारांसह मुंबईला नेऊन तिची गाणी ध्वनिमुद्रित केली, आणि त्या तबकड्या पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर घरोघरी आणि चहाच्या दुकानांत वाजू लागल्या. म्हणजे परदेशी कंपनी, परके शहर आणि नवे यंत्र यांच्यामुळे किस्वाहिली गाण्याचा मान वाढला. जागतिकीकरणाने आफ्रिकेची ओळख पुसली जाते, असे सरसकट म्हणणाऱ्यांनी या तबकड्यांचा विचार करायला हवा.

मी उतरले होते त्या घराच्या मालकीणबाई मला न्गाम्बोतल्या एका लग्नाच्या तारबला घेऊन गेल्या. तिथे सगळ्या बायकाच होत्या. वडीलधाऱ्या बाईला अभिवादन म्हणून ‘शिकामू’ म्हणावे आणि तिने ‘मराहाबा’ म्हणावे, एवढा रिवाज मला वाटेतच शिकवला गेला. कानून आणि ऊद या जुन्या तंतुवाद्यांची जागा आता बहुधा की-बोर्डने घेतली आहे आणि आवाज कानठळ्या बसवणारा असतो, तरी खरा खेळ शब्दांचा आहे. एखादी ओळ येताच श्रोत्यांतली एखादी बाई उठते, डोलत डोलत गायिकेपाशी जाते आणि तिच्या हातात नोट ठेवते. आपल्याकडच्या दौलतजाद्याची मला आठवण झाली, पण इथे नोट गायिकेला मिळते आणि टोला श्रोत्यांतल्याच दुसरीला बसतो. कोण कोणत्या ओळीला उठली आणि त्या वेळी तिची नजर कोणावर होती, हे मालकीणबाई माझ्या कानात सांगत होत्या. त्या नसत्या तर मला नुसता गोंगाट ऐकू आला असता.

टोला मारण्याचे दुसरे साधन म्हणजे कांगा, जोडीने विकले जाणारे छापील सुती वस्त्र. त्याच्या काठाशी किस्वाहिली वाक्य छापलेले असते, आणि कोणत्या दिवशी, कोणासमोर, कोणते वाक्य नेसायचे, हे बायका नीट ठरवतात. मी घेतलेल्या कांग्यावर ‘जापो सिपाती तामा सिकाती’, म्हणजे ‘मिळत नसले तरी मी आस सोडत नाही’, असे होते. गुलाम बायकांच्या वाट्याला पूर्वी अमेरिकेहून येणारे जाडेभरडे ‘मेरिकानी’ कापड किंवा गडद निळी ‘कानिकी’ येत असे. १८९७ मध्ये झांझिबारात गुलामगिरीची कायदेशीर मान्यता संपली, त्या सुमारास न्गाम्बोतल्या बायका रंगीत कांगा नेसून आपण आता कोणाच्या मालकीच्या नाही हे दाखवू लागल्या. आज कांगे भारतात आणि चीनमध्येही छापले जातात, पण म्हणून कांगा आपला नाही, असे म्हणणारी एकही बाई मला तिथे भेटली नाही.

किनाऱ्यावरच्या हॉटेलांच्या गच्चीवर संध्याकाळी तारब होते तेही मी ऐकले. वाद्ये तिथे उलट जुनीच, अस्सल होती: कानून, ऊद, व्हायोलिन. परंतु किस्वाहिली समजणारे पाहुणे नसल्यामुळे कडवी गाळली जात होती, वाद्यांचे तुकडे लांबवले जात होते, आणि नोट घेऊन उठणारे तर कोणीच नव्हते. लग्नातला की-बोर्ड मला या शुद्ध वाद्यमेळापेक्षा अधिक झांझिबारी वाटला. कानून वाजवणाऱ्या तरुणाशी नंतर बोलणे झाले. तो एका संगीतशाळेत शिकतो, आठवड्याचे दिवस हॉटेलांत वाजवतो आणि शनिवार-रविवारी लग्नांत की-बोर्डवर बसतो. दोन्हींतले काय अधिक आवडते, असे विचारल्यावर तो म्हणाला की लग्नात वाजवायला मजा येते, पण तिथे पैसे कधी मिळतील ते सांगता येत नाही, आणि हॉटेलवाले महिन्याच्या महिन्याला देतात.