गोल्डविंगवर सॅटेलाइट रेडिओ

अमेरिकेतल्या ब्लू रिज पार्कवे या डोंगरातल्या रस्त्यावर एफएमचा काही भरवसा नाही. एक डोंगर ओलांडला की स्टेशन गायब, मग नुसती खरखर. म्हणून आमच्या जुन्या गोल्डविंगवर, म्हणजे होंडाच्या लांब पल्ल्याच्या मोटरसायकलवर, यंदा सिरियस एक्सएम या उपग्रहावरून येणाऱ्या रेडिओचा रिसीव्हर चढवला. तो हँडलबारवर बॉल-माउंटने बसला, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

खरा खेळ अँटेनाचा. आगपेटीएवढी चकती, बुडाशी लोहचुंबक. आणि मागची ट्रंक, म्हणजे सामानाची पेटी, पडली प्लॅस्टिकची! झाकणावर दुहेरी टेपने स्टीलचा पातळ पत्रा डकवला, त्यावर अँटेना. सिग्नल 2.3 गिगाहर्ट्‌झचा, त्याला मोकळं आकाश लागतं. दाट झाडी काय, मागे बसणाऱ्याचं डोकं काय, आडवं आलं की आवाज तुटलाच. म्हणून पत्रा होता होईल तो मागे सरकवला. ‘म्हणजे माझ्या डोक्याचा अडथळा होतो तर,’ इति बायको.

वायर सीटखालून नेली. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून ताण बसत नाही ना, ते पाहूनच झिप टाय आवळले. वीज किल्लीबरोबर चालू-बंद होणाऱ्या सर्किटमधून घेतली, मध्ये फ्यूज. थेट बॅटरीला जोडणारे लोक मला कळत नाहीत.

रिसीव्हर गाडीच्या स्पीकरला जोडणाऱ्या ऑक्स केबलमधून गाण्यासोबत एक शीळही यायची, थ्रॉटल पिळला की चढणारी. अल्टरनेटरचे उपद्व्याप! केबलमध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर, म्हणजे असला विजेचा गोंगाट अडवणारी डबी, टाकला, शीळ बंद.

बोगद्यात मात्र इलाज नाही, आणि पार्कवेवर बोगदे आहेत 26. पुण्याला आमच्याकडे वर्ल्डस्पेस हा सॅटेलाइट रेडिओ होता, पण तो खिडकीतून हलायचाच नाही. 2009 सरताना ती सेवाच बंद पडली.