रिजेक्टचा व्हॉल्व्ह आवळण्याआधी

उन्हाळ्यात बोअरचं पाणी खाली गेलं की गावातल्या आरओ प्लँटवर पहिला हात रिजेक्टच्या, म्हणजे गाळून उरलेल्या खारट पाण्याच्या, व्हॉल्व्हकडे जातो. निम्मं पाणी नालीत जाताना बघवत नाही, हे खरंच आहे. पण मराठवाड्यातल्या जड पाण्यावर व्हॉल्व्ह आवळून जास्त पाणी गाळायला गेलं की मेम्ब्रेन, म्हणजे पाणी गाळणारा पडदा, चोक होणार.

ताशी १००० लिटरच्या प्लँटमध्ये बहुतेक वेळा ४०४० मापाच्या (४ इंच व्यास, ४० इंच लांब) चार मेम्ब्रेन असतात. त्या एकामागे एक जोडलेल्या असतील तर प्रत्येकीनं आपल्याकडे आलेल्या पाण्यातलं १५ टक्क्यांच्या आसपासच गाळावं. चौघींचं मिळून ४८ टक्के भरतं. म्हणजे १००० लिटर शुद्ध पाण्यामागे ११०० लिटर रिजेक्ट. निम्मं पाणी गाळलं की रिजेक्टमधले क्षार दुप्पट होतात, पाऊण गाळलं की चौपट. बोअरची हार्डनेस (जडपणा) लिटरला ७०० मिलिग्रॅम असेल तर शेवटच्या मेम्ब्रेनमधून २८०० चं पाणी वाहू लागतं, आणि पडद्याला लागून तर त्याहून दाट. कॅल्शियमचा थर तिथूनच धरतो. अँटीस्केलंट (थर धरू न देणारं रसायन) लिटरला २ ते ५ मिलिग्रॅम लागतं, पण त्यालाही मर्यादा आहे. ते सोडणाऱ्या डोसिंग पंपात हवा अडकली तर टाकी भरलेली दिसते, डोस मात्र शून्य. म्हणून टाकीची पातळी रोज खुणेनं मोजा.

लाइट गेली की दाट रिजेक्ट मेम्ब्रेनमध्येच साचून राहतं. भारनियमनाच्या गावात शुद्ध पाण्याचं फ्लशिंग हवंच. प्लँट बंद करताना पाच मिनिटं पुरतात.

बिघाड ओळखायला रोजची नोंदवही लागते: प्रेशर, शुद्ध आणि रिजेक्ट पाण्याचा प्रवाह दाखवणारे दोन्ही रोटामीटर, शुद्ध पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार). पाणी कमी आणि टीडीएस वाढलेला, तर बहुधा थर. पाणीही वाढलं आणि टीडीएसही, तर क्लोरीननं पडदा खाल्ला. पंचायतीच्या टाकीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) पडतं आणि क्लोरीन अडवणारा कार्बन फिल्टर संपलेला असतो, तेव्हा हे होतं. असा पडदा धुऊन परत येत नाही. टीडीएस एकदम उडाला तर आधी ओ-रिंग (मेम्ब्रेनच्या जोडातली रबरी रिंग) बघा, दहा रुपयांच्या रिंगपायी मेम्ब्रेन बदलू नका.

शुद्ध पाण्याचा प्रवाह १० ते १५ टक्के घटला की लगेच धुवा. निम्म्यावर येईपर्यंत थांबलात तर थर कडक होतो. आधी शेवटची मेम्ब्रेन काढून थरावर ॲसिडचा थेंब टाका. फसफसलं तर कार्बोनेट: १०० लिटर आरओ पाण्यात २ किलो सायट्रिक ॲसिड, ३ ते ४ बार प्रेशर, तासभर फिरवायचं, तासभर भिजवायचं, पुन्हा फिरवायचं. पहिलं गढूळ पाणी परत टाकीत घेऊ नका. पीएच चढू लागला तर ॲसिड अजून झिजतंय, थोडं वाढवा. फसफसलं नाही तर सल्फेट किंवा सिलिका, आणि तिथे सायट्रिक काही करत नाही.

नुसता जडपणाच त्रास देत असेल तर नॅनोफिल्ट्रेशनचा (आरओपेक्षा सैल पडद्याची गाळणी) विचार जरूर करा. कॅल्शियम, मॅग्नेशियम, सल्फेट ती चांगली अडवते, प्रेशर आणि विजेचं बिलही कमी. नायट्रेट मात्र तिच्यातून बरंच निसटतं. शेताकडेच्या, युरियाच्या टापूतल्या बोअरला आधी नायट्रेट तपासून घ्या. ४५ मिलिग्रॅमच्या वर असेल तर आरओच.

रिजेक्ट धुण्याभांड्याला आणि संडासाला वापरा. काळ्या जमिनीत रोज सोडू नका, ती चोपण होते. आणि परत बोअरमध्ये तर कधीच सोडू नका.