पौषात ७८ नव्हे, ७९

मी बँकेतून निवृत्त झाले, त्याच्या दुसऱ्याच वर्षी माझे यजमान रेल्वेच्या सिग्नल विभागातून निवृत्त झाले आणि तीस वर्षे सकाळी दोन डबे भरणाऱ्या आमच्या घरात डबा नेणारे कोणी उरले नाही. गिरगावातील एका जुन्या धर्मादाय संस्थेला आपले दप्तर संगणकावर आणण्यासाठी स्वयंसेवक हवे आहेत, असे त्याच सुमारास कळले. ह्यांना यंत्रांची आवड आणि मला हिशेबाच्या वह्या वाचण्याची सवय, एवढ्या भांडवलावर आम्ही दोघांनी नावे दिली. या गोष्टीला आता तीन वर्षे होत आली आहेत. मंगळवार, गुरुवार आणि शनिवार हे आमचे वार आहेत. गोरेगावहूनच सुटणाऱ्या धिम्या लोकलमध्ये बसायला मिळते. मी महिलांच्या डब्यात आणि हे पुरुषांच्या, त्यामुळे घरून एकत्र निघालेलो आम्ही चर्नी रोडच्या पुलावर पुन्हा भेटतो.

संस्थेने हे काम काही वर्षांपूर्वी एका कंत्राटदाराकडून करून घेतले होते. त्याच्या सीडी आम्हाला पहिल्याच दिवशी दाखवण्यात आल्या. सगळ्या प्रतिमा काळ्या-पांढऱ्या होत्या, पाठपोट लिहिलेल्या कित्येक कागदांची पोटे घेतलेलीच नव्हती आणि फाइलींची नावे ‘स्कॅन ००१’पासून पुढे ओळीने दिलेली होती. एखादी नोंद हवी असेल तर सीडी लावण्यापेक्षा कपाट उघडणे सोपे पडते, असे तेथील व्यवस्थापक म्हणाले, आणि ते खरेच होते.

बाहेरच्या लोकांना वाटते की पान ठेवले, कळ दाबली, झाले काम. प्रत्यक्षात कळ दाबण्याआधीच निम्मा दिवस जातो. वहीचा रुमाल सोडायचा, मऊ कुंचल्याने शिवणीकडून कडेकडे धूळ झाडायची, गंजलेल्या टाचण्या कागद न ओढता हळूच सोडवायच्या आणि प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने क्रमांक घालायचा. हातमोजे आम्ही घालत नाही, याचे भेटायला येणाऱ्यांना फार आश्चर्य वाटते. पण मोज्यांमुळे बोटांना कागदाची कड कळत नाही आणि ठिसूळ पान हमखास फाटते. हात धुऊन पूर्ण कोरडे करणे अधिक बरे. मोजे लागतात ते छायाचित्रांना. काजळाची शाई सव्वाशे वर्षांनीही काळीभोर असते, पण ओलसर बोटाला लगेच लागते. लोहयुक्त शाई तपकिरी होते आणि जेथे लेखणी जोरात टेकली असेल तेथे कागदच खाते. पावसाळ्यात खोलीतील ओलावा शोषणारे यंत्र बंद पडले तर आम्ही वह्या उघडतच नाही, त्या दिवशी फक्त यादीचे काम करतो.

यानंतर ह्यांचे राज्य सुरू होते. वही व्ही आकाराच्या पाळण्यात ठेवायची, म्हणजे पाठीवर ताण येत नाही. वरून कॅमेरा, दोन्ही बाजूंनी दिवे, शेजारी मोजपट्टी आणि रंगपट्टी अशी मांडणी असते. पातळ पानाच्या मागे काळा कागद सरकवला की पोटावरची अक्षरे पाठीवर उमटल्यासारखी दिसत नाहीत. ही युक्ती आम्हाला प्रशिक्षणात शिकवली होती, पण तिचे महत्त्व पन्नासेक पाने वाया गेल्यावर पटले. मूळ प्रत ४०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ४०० ठिपके, रंगीत आणि टिफ या प्रतिमा-स्वरूपात ठेवतो. ए-४ आकाराच्या एका पानाची अशी फाइल ४५ एमबीच्या पुढे जाते. वाचकांसाठी तिच्यावरून लहान प्रत वेगळी काढायची असते.

या लहान प्रतींनीच आमच्यात पहिला खटका उडवला. पाने स्वच्छ दिसावीत म्हणून ह्यांनी सॉफ्टवेअरमधील डाग काढण्याची सोय सुरू केली, आणि पाने खरोखरच सुरेख दिसू लागली. मी मात्र सवयीने एका पानाची बेरीज करून पाहिली, तर ताळा जमेना. एक रुपया दोन आणे कमी येत होते. जुन्या कीर्दीत रुपयाच्या आकड्यापुढील उभी रेघ म्हणजे चार आणे आणि आडवी रेघ म्हणजे एक आणा. ‘५॥=’ म्हणजे पाच रुपये दहा आणे. बारीक लेखणीने ओढलेल्या त्या आडव्या रेघा संगणकाने डाग समजून पुसल्या होत्या आणि दहा आण्यांचे आठ आणे झाले होते. “अहो, तुमच्या यंत्राने दानशूरांचे आणे खाल्ले,” असे मी म्हटले, ते ह्यांना मुळीच रुचले नाही. मूळ टिफ प्रतींना हात लावलेला नव्हता म्हणून निभावले. लहान प्रती सगळ्या पुन्हा काढल्या.

पण मी केलेली चूक याहून मोठी होती आणि तीही शिस्तीने केलेली होती. सुरुवातीच्या वह्या मोडीत आहेत. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, विरामचिन्हे नसतात, आधी पानभर रेघ ओढून तिला अक्षरे टांगलेली असतात. ती लिपी मी शनिवारच्या वर्गाला जाऊन आणि लोकलमध्ये वही उघडून दहा महिन्यांत कशीबशी आत्मसात केली. तारखा शकात आणि तिथीत असल्यामुळे फाइलीच्या नावात इसवी सन घालण्याचे काम माझ्याकडे होते. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, हे शाळेत पाठ केलेले सूत्र मी अकरा वह्यांना सरसकट लावले. शक बदलतो चैत्रात आणि इसवी सन जानेवारीत, त्यामुळे शकाच्या अखेरच्या महिन्यांत ७९ मिळवावे लागतात, ही साधी गोष्ट माझ्या लक्षातच आली नाही. शिवाय पौष कधी डिसेंबरात सुरू होतो, कधी जानेवारीत, म्हणजे तेथे पंचांगच उघडावे लागते.

चूक उघडकीस आणली ती शके १८१८च्या वहीने. त्या वर्षाच्या पौषात पानेच्या पाने जवळजवळ कोरी होती. वर्गणीच्या नावांपुढे रक्कम नव्हती, तर मोडीत दोनच शब्द होते, ‘गावी गेले’. एका पानावर मी अशी सतरा नावे मोजली. लिहिणाराही मध्येच बदललेला दिसतो; आधीच्या कारकुनाचे गोल, भरघोस अक्षर जाऊन कोणाचे तरी घाईचे, खाली उतरत जाणारे अक्षर येते. मी फाइलींना जानेवारी १८९६ असे नाव दिले होते. ते वाचून हे म्हणाले, “अगं, प्लेग तर त्यानंतर आला ना?” मुंबईच्या मांडवी भागातील प्लेगचे निदान झाले ते सप्टेंबर १८९६मध्ये, आणि शहर रिकामे होऊ लागले ते त्यानंतरच्या हिवाळ्यात. पंचांग काढून पाहिले, तर तो पौष सुरूच जानेवारी १८९७मध्ये होत होता. त्या शकाच्या संवत्सराचे नाव दुर्मुख होते, हेही तेव्हाच वाचले.

अकरा वह्यांतील पौष ते फाल्गुन अशा ६१२ फाइलींची नावे चुकलेली निघाली. नावे एकगठ्ठा बदलता येतात, परंतु पौषाची पाने तिथीनुसार एकेक तपासावी लागली आणि त्यात तीन आठवडे गेले. या वेळी ह्यांची सिग्नल विभागातली वृत्ती उपयोगी पडली. प्रत्येक फाइलीचा चेकसम त्यांनी आधीच काढून ठेवला होता. फाइलीतील मजकुरावरून निघणारी ती अंक-अक्षरांची ओळख नाव बदलले तरी तीच राहते, त्यामुळे नावे बदलताना कोणतीही प्रतिमा हरवली किंवा बिघडली नाही, हे आम्हाला ठामपणे सांगता आले. तेव्हापासून नावात मूळ शक आणि महिना जसाच्या तसा ठेवतो, आणि इसवी सन यादीतील वेगळ्या रकान्यात, दोघांनी स्वतंत्रपणे काढून. जुळला नाही तर पंचांग.

प्रत्येक फाइलीच्या प्रती तीन असतात. दोन संस्थेत वेगवेगळ्या साधनांवर आणि एक शहराबाहेर, कारण गिरगावात पाणी कोठवर चढते हे आम्ही गुडघ्यांनी मोजलेले आहे. याबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी चेकसम पडताळतो, एवढेच.

एकूण ४३ वह्यांपैकी ४२ पूर्ण झाल्या आहेत. राहिली ती ४१ क्रमांकाची. तिच्यावर कधी काळी पाणी पडले असावे, कारण पाने एकमेकांना चिकटून तिची वीट झाली आहे. ह्यांनी पहिले पान उचलण्यासाठी पातळ पट्टी सरकवून पाहिली, तेव्हा वरच्या पानाचा पापुद्राच निघू लागला, म्हणून मी त्यांचा हात धरला. कागद जतन करणाऱ्या जाणकारांनी ती पाहिली आणि घाई करू नका असे सांगितले. ती आता आम्लरहित कागदात गुंडाळून पेटीत ठेवली आहे. बाहेरून तिच्या सहा बाजूंची छायाचित्रे घेतली, पुठ्ठ्यावर वाचता येणारा ‘शके १८४’ एवढाच भाग यादीत उतरवला, पुढचा अंक गेलेला असल्यामुळे इसवी सनाचा रकाना रिकामा ठेवला आणि पृष्ठसंख्येच्या रकान्यात ‘न उघडलेली’ असे लिहून दोघांनी सही केली.