कमानपाट्यांपासून जिम्नीपर्यंत: आमची वाटचाल

बाबांनी इंदूरला गॅरेज टाकलं ते कमानपाट्यांच्या, म्हणजे लीफ स्प्रिंगच्या, कामावर. महूची छावणी जवळ, त्यामुळे लष्कराने निकाली काढलेल्या मारुती जिप्सी इकडे यायच्या आणि सिमरोल, चोरलकडचे शेतकरी त्या घ्यायचे. त्यांना गाडी सजवायची नसे, पावसाळ्यात माळव्याच्या काळ्या मातीतून घर गाठायचं असे. आमची नजर त्या कामात तयार झाली.

2010 मध्ये महिंद्राची थार आली, 2020 मध्ये नवी थार, 2023 मध्ये मारुतीची पाच दारांची जिम्नी. गिऱ्हाईक बदललं. आता नोकरदार तरुण येतात आणि पहिली मागणी ठरलेली: "दादा, गाडी उंच करून द्या."

आम्ही आधी टायरवर येतो. जिम्नीला कंपनीचा टायर 195/80 आर 15, म्हणजे 195 मिलिमीटर रुंद, रुंदीच्या 80 टक्के उंच भिंत आणि 15 इंची रिम. त्याजागी 215/75 घातला तर व्यास साधारण 10 मिलिमीटरने वाढतो, म्हणजे गाडी उचलली जाते जेमतेम 5 मिलिमीटर. मुळात 210 मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीच्या पोटाखालची मोकळी उंची, असताना एवढ्यासाठी माप बदलू नये, हे माझं ठाम मत. त्याच मापात ऑल-टेरेन, म्हणजे डांबरी आणि कच्च्या दोन्ही वाटांना चालणारा टायर घ्या, कच्च्या वाटेवर हवा कमी करा, डांबरीवर चढण्याआधी परत भरा. छोटा कॉम्प्रेसर गाडीत हवाच. ओली काळी माती मात्र ऑल-टेरेनच्या खाचा भरून टाकते आणि टायर गुळगुळीत होतो. रोज शेतात जाणाऱ्याला रुंद खाचांचा मड-टेरेनच देतो, हमरस्त्यावर तो आवाज करणार हे सांगून.

उंची वाढवणं म्हणजे नुसत्या स्प्रिंगा बदलणं नव्हे. जिम्नीला पुढे-मागे दोन्ही चाकं जोडणारा अखंड अ‍ॅक्सल आहे. स्प्रिंग उंच झाली की त्याला चॅसीशी आडवा बांधणारा पॅनहार्ड रॉड अ‍ॅक्सलला एका अंगाला ओढतो, पुढचा कास्टर, म्हणजे स्टिअरिंगच्या आसाचा मागे झुकलेला कोन, कमी होतो आणि वेगात स्टिअरिंग भरकटतं. बंद मैदानातल्या स्पर्धेच्या गाड्यांवर हे काम करताना आमचे मिस्त्री चाकावरच्या फेंडरवरून ओळंबा सोडतात आणि दोन्हीकडचं चाकापर्यंतचं अंतर सारखं येईपर्यंत अ‍ॅडजस्टेबल रॉड फिरवत राहतात. रस्त्यावरच्या गाडीला आम्ही हे करत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं.

बुलबार, म्हणजे पुढच्या बंपरवर लावायचा लोखंडी गार्ड, तर डिसेंबर 2017 मध्ये केंद्राने राज्यांना कारवाई करायला सांगितल्यापासून बंद. पैसा त्यात चांगला होता. पण धडकेचा जोर तो भलत्याच वाटेने चॅसीवर टाकतो, एअरबॅग वेळेवर उघडेल याचा भरवसा राहत नाही, आणि पायी चालणाऱ्याचे हाल वेगळेच.

आता आमचा मुख्य माल म्हणजे गाडीखाली बसणारी, इंजिन-गिअरबॉक्स दगडांपासून वाचवणारी स्किड प्लेट. ऑइल काढायच्या नटासमोर भोक ठेवतो, म्हणजे सर्व्हिसिंगला प्लेट उतरवावी लागत नाही. मागच्या कडेला लांब फटीही कापतो, कारण प्लेट आणि गिअरबॉक्समध्ये चिखल वाळला की दगड होतो. पावसाळ्यात दर फेरीनंतर तिथून पाण्याचा फवारा मारा, आणि बोल्ट घट्ट आहेत ना, तेही बघा.