गयेचे तिकीट

रविवार, २१ सप्टेंबर २०२५, कळवा

आज सर्वपित्री अमावास्या. सकाळपासून आमच्या मजल्यावर खिरीचा आणि वड्यांचा वास दरवळत होता आणि समोरच्या काकू कावळ्यासाठी वाढलेले पान गॅलरीच्या कठड्यावर ठेवून वाट पाहत उभ्या होत्या. आईने बोलता बोलता त्यांना आम्ही नोव्हेंबरात गयेला जाणार असल्याचे सांगितले. काकूंनी लगेच आपुलकीने विचारले, "म्हणजे भाऊंचे पिंडदान करून येणार ना? बरे होईल, राहिलेच होते तुमचे." आई हसली आणि म्हणाली, "आमच्यात ते नाही हो. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतली सहावीच आहे, श्राद्धपक्ष करणार नाही, पिंडदान करणार नाही. आम्ही गयेला उतरणार आणि तिथून पुढे बोधगयेला जाणार." काकूंना हे कितपत उमगले कोण जाणे, पण त्यांनी वाटीभर खीर दिली आणि आईने ती घेतली. ज्या स्टेशनावर लोक पितरांसाठी उतरतात त्याच स्टेशनावर आम्हालाही उतरायचे आहे, ही गोष्ट माझ्या मनात दिवसभर घोळत राहिली.

या प्रवासाचा विषय खरे तर भाऊंच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, हयातीत अनेकदा निघाला होता आणि प्रत्येक वेळी त्यांनीच तो मोडीत काढला होता. धम्म आचरणात असतो, तो पाहायला रेल्वेत बसावे लागत नाही, असे त्यांचे मत होते, आणि त्या मतामागे आम्हा तिघा भावंडांच्या फीचा हिशेबही होता, हे मला फार उशिरा कळले. त्यांना जाऊन आता तीन वर्षे झाली. आईने त्यांच्या मताला कधी विरोध केला नाही. फक्त गेल्या बुद्धपौर्णिमेला विहारातून परत येताना ती म्हणाली की, भगवंतांनी स्वतःच आपल्या आनंद या शिष्याला चार ठिकाणे सांगितली होती, मग जाणे चुकीचे कसे? महापरिनिब्बान सुत्तात लुंबिनी, बोधगया, सारनाथ आणि कुशीनगर ही चार ठिकाणे श्रद्धावंताने पाहावीत असे सांगितले आहे, हे तिने भन्तेजींच्या प्रवचनात ऐकले होते आणि भाऊंशी वाद घालण्यासाठी ते इतकी वर्षे जपून ठेवले होते, असा मला संशय आहे.

चारही ठिकाणे एका फेरीत करावीत, असा माझा पहिला बेत होता. एका प्रवास कंपनीचा आठ दिवसांचा कार्यक्रम मी मागवलाही. त्यात न्याहारीपासून खरेदीपर्यंत सगळे होते आणि बोधगयेला तीन तास होते. आईने चष्मा लावून तो कागद पुन्हा पुन्हा वाचला आणि विचारले, "तीन तासांत चपला कुठे काढायच्या ते शोधायचे की वंदना घ्यायची?" तो कागद तिथेच संपला. आता दोनच ठिकाणे ठरली आहेत, बोधगयेत चार दिवस आणि सारनाथला दोन. लुंबिनी नेपाळात असल्याने सीमा ओलांडावी लागते आणि कुशीनगरसाठी गोरखपूरची वाट धरावी लागते. आईच्या गुडघ्यांना एवढी वळणे झेपणार नाहीत.

गुडघ्यांची परीक्षा आम्ही गेल्या रविवारी घेतली. आई, मावशी आणि मी दादरला गाडी बदलून नालासोपाऱ्याला गेलो आणि सोपाऱ्याचा स्तूप पाहून आलो. गावातले लोक ज्याला बुरुड राजाचा कोट म्हणत, तो ढिगारा १८८२ साली पुरातत्त्व अभ्यासक भगवानलाल इंद्रजींनी उकरला, तेव्हा आत दगडी पेटी निघाली आणि तिच्यात एकात एक ठेवलेले करंडक, भिक्षापात्राचे मानले गेलेले तुकडे आणि बुद्धमूर्ती सापडल्या. अशोकाच्या शिलालेखांचे तुकडेही याच सोपाऱ्यात मिळाले. हे मी आईला सांगत होते, पण ती विटांवर तळहात ठेवून पाहत होती. "ऊन धरलंय," एवढेच ती म्हणाली. त्या दिवशी एक उपयोगी गोष्ट समजली, ती अशी की तिला चढताना फारसा त्रास होत नाही, उतरताना मात्र उजवा गुडघा ओढतो. बोधगयेचे महाबोधी मंदिर भोवतालच्या जमिनीपेक्षा खोलगट जागेत असल्यामुळे तिथे आधी पायऱ्या उतराव्या लागतात, हे विहारातल्या एका उपासिकेने सांगितले होते. तेव्हापासून आई रोज संध्याकाळी आमच्या इमारतीचे दोन मजले कठडा धरून उतरते आणि वर येऊन मला आकडा सांगते.

तारीख ठरवायला सर्वांत जास्त वेळ गेला. मे महिन्यात तिकडे उन्हाचा कहर असतो, पितृपक्षात गया माणसांनी भरून जाते आणि डिसेंबरच्या मध्यानंतर धुक्यामुळे गाड्या कित्येक तास रखडतात. वर्षावास, म्हणजे भिक्खूंचा पावसाळ्यातला एका जागचा मुक्काम, आश्विन पौर्णिमेला संपतो, म्हणून दिवाळीची सुटी सोयीची वाटत होती. परंतु दिवाळी ते छठपूजा या काळात बिहारकडे जाणाऱ्या गाड्यांची काय अवस्था असते, हे मुंबईच्या स्टेशनांवर पाहिलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. म्हणून छठ उलटल्यावर आणि धुके पडण्याआधी, शुक्रवार २१ नोव्हेंबर. आरक्षण आता साठ दिवस आधीच खुले होते, पूर्वीसारखे एकशेवीस नाही, त्यामुळे तो दिवस उद्या सकाळी आठला उघडेल.

हावडा मेल दोन आहेत, एक नागपूरवरून जाते आणि एक प्रयागराज, गया अशी. नाव पाहून तिकीट काढले तर माणूस भलत्याच वाटेला लागेल, म्हणून मी नंबर कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवला आहे. गाडीत कल्याणला चढायचे, म्हणजे सामान घेऊन मुंबईपर्यंत उलटे जाणे वाचेल. ज्येष्ठांची भाड्यातली सवलत २०२० पासून बंदच आहे, पण खालच्या बर्थचा कोटा शिल्लक आहे. पंचेचाळीस वर्षांवरील बायकांना तो मिळतो, मात्र एका तिकिटावर दोघींपेक्षा जास्त नावे चालत नाहीत आणि माझे वय त्रेचाळीस. तेव्हा आई आणि मावशी यांचे एक तिकीट, माझे वेगळे. आईला हे फार आवडले. "म्हणजे आम्ही दोघी जातो, तू आमच्या मागून येतेस," असे तिने मावशीला फोनवर सांगितलेसुद्धा.

जेवणानंतर मी तिला एक गोष्ट मुद्दाम सांगितली, कारण तिथे जाऊन तिचा हिरमोड व्हायला नको होता. आज जो बोधिवृक्ष आहे तो मूळचा नाही. जुने झाड १८७६ च्या वादळात कोसळले आणि पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमने १८८१ मध्ये त्याचेच रोप तिथे लावले. आईने भांडी पुसता पुसता ऐकून घेतले. मग म्हणाली, "आपले गावचे घर तुझ्या आजोबांनी बांधले, ते पडले, भाऊंनी बांधले, तेही पडायला आले. तरी आपण गावाला जातो म्हणतो ना?" यावर बोलण्यासारखे माझ्याकडे काही नव्हते.

मंदिरात मोबाइल नेता येत नाही, हेही तिला सांगितले. तिला हे नियमांतले सर्वांत शहाणपणाचे वाटले.

आता रात्रीचे साडेदहा वाजले आहेत. दोघींची नावे, वये आणि आधारवरची स्पेलिंगे तिकिटाच्या खात्यात भरून झाली आहेत. मावशीने स्वतःचे वय दोन वर्षांनी कमी सांगितले होते, ते आधार कार्ड पाहून दुरुस्त केले आणि त्यावरून फोनवर थोडी कुरबुर झाली. आईने पांढरे पातळ इस्त्रीला काढून खुर्चीच्या पाठीवर टाकले आहे, अजून दोन महिने असताना. वाटीतली खीर तिने अर्धी मला ठेवली आहे. ती खाऊन मी साडेसातचा गजर लावते.